भरती पक्ष्यांना जवळ आणते!

मित्रांनो, दिवसातून दोनदा वाढणारी आणि दोनदा आक्रसणारी जमीन तुम्ही कधी पाहिली आहे का? जादूच्या गोष्टीतली नव्हे, अगदी खरीखुरी! गुजरातच्या नकाशावर जामनगर शोधा. त्याच्या उत्तरेला समुद्राची एक लांबट जीभ जमिनीत शिरलेली दिसेल. तेच कच्छचं आखात. या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला लागून लहानमोठी ४२ बेटं आहेत. ओहोटी लागली की बेटांभोवतीचं पाणी दूर सरकतं आणि चिखलाची, खडकांची, वाळूची भली मोठी मैदानं उघडी पडतात. सहा तासांनी पाणी परत येतं आणि ती मैदानं गडप! मग उरते ती तिवरांची हिरवी झाडी आणि वाळूचा एखादा चिंचोळा पट्टा.

१९८२ साली इथं आपल्या देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. 'सागरी' हे लक्षात ठेवा हं! इथं वाघ-सिंहांऐवजी प्रवाळ, समुद्रफुलं, ऑक्टोपस आणि खेकडे यांना संरक्षण आहे. या बेटांमधलं पिरोटन सर्वांत प्रसिद्ध. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथं जाता येत नाही. जामनगरजवळच्या बेडी बंदरातून होडी निघते तीही भरतीच्या पाण्यावर, आणि परतायचं तर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. थोडक्यात काय, इथं आपल्या मनगटावरच्या घड्याळाचं काही चालत नाही. चालतं ते भरतीच्या घड्याळाचं!

हिवाळ्यात या बेटांवर हजारो पाहुणे येतात. तेही याच घड्याळावर जेवतात, झोपतात आणि उठतात. आज आपण त्यांनाच भेटणार आहोत.

एकच ताट, पण चोची अनेक

ओहोटीला उघडा पडलेला चिखल आपल्याला नुसता काळा राडा वाटतो. पण पक्ष्यांच्या दृष्टीनं ते वाढलेलं ताट असतं! त्यात किडे, गोगलगायी, शिंपले, कोळंबीची पिल्लं, खेकडे असं सगळं असतं. आता प्रश्न असा, की हजारो पक्षी एकाच ताटात जेवायला बसले तर भांडणं होत नाहीत का?

होतात, पण थोडी. कारण प्रत्येकाचा चमचा निराळा! चिखल्या नावाचे छोटे पक्षी घ्या. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे. ते तुरुतुरु धावतात, थबकतात, चिखलावर काही हललेलं दिसलं की पटकन टिपतात आणि पुन्हा धावतात. पाणटिवळा, म्हणजे गॉडविट, याची चोच लांबलचक. तो ती डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. आत काही दिसत नाही, मग कळतं कसं? चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात. आपण अंधारात खिशातली नाणी बोटांनी ओळखतो ना, तसंच! कर्ल्यूची चोच त्याहून लांब आणि खाली वाकलेली. खेकड्याच्या बिळात ती छान शिरते. टेरेक सँडपायपरची चोच मात्र वर वळलेली. तो खेकड्यांच्या मागे असा पळत सुटतो, की पाहणाऱ्याला हसू यावं. टर्नस्टोन तर नावाप्रमाणेच दगड उलटवतो आणि खाली लपलेले किडे खातो.

सगळे एकाच मैदानावर, पण कुणी वरचं खातो, कुणी खालचं, कुणी बिळातलं, कुणी दगडाखालचं. आहे की नाही शिस्त?

जमिनीत बीळ करणारा पाहुणा

या बेटांवर एक पक्षी असा आहे, की त्याला पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षक लांबून लांबून जामनगरला येतात. त्याचं नाव क्रॅब प्लव्हर, म्हणजे खेकडे खाणारा. उंच निळसर राखाडी पाय, पांढरंशुभ्र अंग, पाठीवर काळा पट्टा आणि काळी, जाड, खंजिरासारखी चोच. एकदा पाहिला की विसरणार नाही! प्राणिशास्त्रात त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुळ आहे आणि त्या कुळात हा एकटाच.

त्याच्यासारखाच काळा-पांढरा दिसणारा ऑयस्टरकॅचर, म्हणजे कालवं फोडणारा, हाही इथं भेटतो. मग दोघांना ओळखायचं कसं? सोपं आहे. चोच पाहा. काळी असेल तर क्रॅब प्लव्हर आणि नारिंगी-लाल असेल तर ऑयस्टरकॅचर.

आता क्रॅब प्लव्हरची गंमत ऐका. त्याच्या नात्यातले बहुतेक पक्षी उघड्या जमिनीवर ठिपक्याठिपक्यांची अंडी घालतात. ठिपक्यांमुळे अंडं खड्यांमध्ये मिसळून जातं आणि शत्रूला दिसत नाही. क्रॅब प्लव्हर मात्र वाळूत बीळ खणतो आणि आत एकच अंडं घालतो. ते असतं पांढरंफेक! बरोबरच आहे, अंधाऱ्या बिळात रंगरंगोटी हवी कुणाला? त्याच्या वसाहती अरबस्तानाभोवतीच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि बेटांवर असतात. तिथली वाळू इतकी तापते, की बिळातल्या अंड्याला तिचीच ऊब मिळते. त्यामुळे आई-बाबांना अंड्यावर सतत बसून राहावं लागत नाही.

पण म्हणून ते बेफिकीर असतात असं समजू नका बरं का! बाळ बिळात असताना ते त्याला खेकडे आणून भरवतात. बाळ उडू लागलं, समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात पोचलं, तरी भरवणं सुटत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात आलेल्या थव्यात राखाडी पाठीची पिल्लं दिसतात. ती मान खाली घालून, चिरकत, आई-बाबांच्या मागे मागे फिरत असतात. एवढा लांबचा प्रवास करून आलेलं बाळ आणि अजून 'घास भरव' म्हणून हट्ट! तुमच्या घरी आहे का असं कुणी?

पाच महिन्यांचा विश्वविक्रमवीर

पाणटिवळ्यांच्या एका जातीला बार-टेल्ड गॉडविट म्हणतात. शेपटीवर आडवे पट्टे असतात म्हणून हे नाव. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे हे पक्षी रशियाच्या अगदी उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात जन्मतात. याच जातीचे काही पक्षी अमेरिकेतल्या अलास्कात जन्मतात आणि हिवाळ्यात पार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जातात. अशाच एका पिल्लाच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी एक छोटंसं यंत्र बसवलं होतं. त्याचा क्रमांक होता २३४६८४. हे पिल्लू १३ ऑक्टोबर २०२२ रोजी अलास्काहून निघालं आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जाऊन उतरलं. अंतर १३,५६० किलोमीटर. वेळ ११ दिवस. वाटेत मुक्काम? एकही नाही! गॉडविटला बदकासारखं पाण्यावर तरंगून विश्रांती घेता येत नाही. खाली महासागर आणि वर आकाश. न खाता, न पिता, न थांबता उडत राहायचं. आणि या पक्ष्याचं वय किती? अवघं पाच महिने!

हे जमतं कसं? निघण्यापूर्वी हे पक्षी पोट फुटेस्तोवर खातात. शरीराच्या निम्म्याहून अधिक वजन चरबीचं होतं. ही चरबी म्हणजे टाकीत भरलेलं पेट्रोल. मग ते आणखी एक करतात. जठर, आतडी, यकृत हे अवयव आक्रसून लहान होतात. वाटेत खायचंच नाही, तर जेवणाची भांडी कशाला वाहायची? पोचल्यावर ते पुन्हा वाढतात.

आपल्या कच्छच्या बेटांवरचे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात आणि साधारण एप्रिलपर्यंत बहुतेक परत फिरतात. परतीच्या प्रवासाची टाकी भरायची जागा कोणती? हाच चिखल! म्हणून इथला एकेक घास मोलाचा.

'उडवून दाखवू?'

आता थोडं गंभीर बोलूया.

भरती आली की ताट पाण्याखाली जातं. मग सगळे पक्षी उंचवट्यावर, वाळूच्या पट्ट्यावर, खडकांवर दाटीवाटीनं उभे राहतात. एक पाय पोटाशी घेतात, चोच पाठीच्या पिसांत खुपसतात आणि वाऱ्याकडे तोंड करून डुलक्या घेतात. आपल्याला वाटतं, हे तर रिकामटेकडे बसलेत! तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "उडवून दाखवू? फोटो मस्त येईल!" टाळी वाजते, खडा पडतो किंवा कुत्रा मोकळा सुटतो. थवा भर्रकन उठतो, चांदीसारखा चमकतो, गिरकी घेतो. सगळे म्हणतात, वा!

पण त्या 'वा'ची किंमत कोण देतं? उभं राहण्यापेक्षा उडायला कितीतरी पट जास्त शक्ती लागते. ती शक्ती येते चरबीतून. म्हणजे टाकीतलं पेट्रोल सांडलं! एकदा उडवलं तर तो कदाचित भरून काढेल. पण सकाळपासून दहा जणांनी दहा वेळा उडवलं तर? ओहोटीचे तास ठरलेले असतात. ताट काही आपल्यासाठी जास्त वेळ उघडं राहत नाही. टाकी अर्धवट भरलेला पक्षी एप्रिलमध्ये निघाला, तर तो वाटेत कुठं पडेल ते आपल्याला कधी कळणारही नाही. आपल्याकडे मात्र छान फोटो असेल.

म्हणून एक नियम पाठ करून ठेवा. जो पक्षी आपल्यामुळे उडाला, त्याला आपण पाहिलं असं समजायचं नाही. वहीत त्याच्यापुढे फुली मारायची! नियम कडक आहे, पण तो पाळणारेच चांगले निरीक्षक होतात.

पक्षी उडण्यापूर्वी सूचनाही देतात. खाणं थांबतं. माना उंच होतात. एखादा ओरडतो. काही जण चालत दूर सरकू लागतात. हे दिसलं की जागीच थांबा आणि हळूच दोन-चार पावलं मागे या. माना खाली गेल्या, खाणं सुरू झालं, की समजा त्यांनी तुम्हाला माफ केलं!

पंचांगातली भरती

मग जवळून पाहायचं कसं? युक्ती सोपी आहे. आपण पक्ष्यांकडे जायचंच नाही. भरती त्यांना आपल्याकडे आणते!

पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे. पण पाणी चढू लागलं, की ते पाण्याच्या रेषेबरोबर पावलापावलानं किनाऱ्याकडे सरकतात. तेव्हा भरती पूर्ण होण्याच्या दोन-अडीच तास आधी किनाऱ्यावर एखादी आडोशाची जागा धरा आणि गुपचूप बसून राहा. थोड्या वेळानं समोरचं मैदान भरू लागेल. पक्षी विश्रांतीला स्थिरावू लागले, की आपण आवाज न करता उठून मागे जायचं.

भरती केव्हा, हे कळणार कसं? आपल्या कोकणातल्या आजोबांना विचारा. घड्याळ न पाहता ते सांगतील! तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. येईल त्या आकड्याच्या सुमारास भरती पूर्ण. उदाहरणार्थ चतुर्थी. ४ गुणिले ३ बारा, भागिले ४, उत्तर ३. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला? ८ गुणिले ३ चोवीस, भागिले ४ सहा! हा हिशेब ढोबळ आहे आणि मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी आहे. जामनगरला तो चालणार नाही, कारण आखाताच्या आत पाणी पोचायला वेळ लागतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. शाळेत न शिकवताही आपल्या कोळी बांधवांना हे सगळं तोंडपाठ असतं!

मोजायचं कसं?

पाहिलं, पण लिहून ठेवलं नाही, तर महिन्याभरात विसरायला होतं. लिहिलेल्या नोंदी मात्र पन्नास वर्षांनीही बोलतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते आणि त्यात हौशी माणसंही भाग घेतात. २०२५ च्या जानेवारीत, ३ ते ५ तारखेला, जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात खास किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मोजणी झाली. दर हिवाळ्याला असे आकडे मिळत गेले, तरच 'पक्षी कमी झाले का हो?' या प्रश्नाचं खरं उत्तर देता येतं. नाहीतर नुसत्या गप्पा!

पण सारखे हलणारे हजार पक्षी मोजायचे कसे? आधी फक्त दहा पक्षी मोजा. त्यांनी व्यापलेल्या जागेचा एक ठोकळा डोळ्यांत धरा. मग असे किती ठोकळे पूर्ण थव्यात बसतात ते पाहा. ३० ठोकळे म्हणजे सुमारे ३०० पक्षी. वहीत 'सुमारे' लिहायला लाजू नका. तसंच एखादा पक्षी ओळखता आला नाही, तर ओढूनताणून नाव देऊ नका. 'अनोळखी चिखल्या, १२' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा शंभरपट चांगली!

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर त्याचा रंग, त्यावरची अक्षरं, कोणता पाय, तारीख आणि जागा लगेच टिपून घ्या. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर अशी कडी घालत आली आहे. या कामाची सुरुवात डॉ. सालिम अली यांनी केली. तुमची नोंद तिथं कळवलीत, तर तो पक्षी कुठून आला याचा पत्ता लागू शकतो. पक्ष्याच्या पायातलं पत्र वाचल्यासारखंच ना हे?

घरच्या घरी करून पाहा

१. मूठभर तूरडाळ ताटात पसरा. पाच सेकंद पाहून किती दाणे असतील याचा अंदाज लिहा. मग दहाच्या ठोकळ्यानं अंदाज करा. शेवटी खरे दाणे मोजा. भावंडांत स्पर्धा लावा. (डाळ धुऊन आईला परत द्या!)

२. या महिन्याच्या दिनदर्शिकेतल्या सात दिवसांच्या तिथी पाहा आणि कोकणातल्या भरतीच्या वेळा काढा. वर्तमानपत्रातल्या वेळांशी ताडून पाहा. किती मिनिटांचा फरक पडतो?

३. जामनगर लांब आहे म्हणून हिरमुसू नका. चिखल्या, तुतारी, पाणटिवळे हिवाळ्यात आपल्या खाड्यांमध्ये आणि कोकणच्या किनाऱ्यावरही येतात. गावाला समुद्र नसेल तर? उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर इथल्या पाणथळ काठांवरही या मंडळींचे भाऊबंद भेटतात. एका ठिकाणी, एका वेळी, अर्धा तास बसा. नावं आली नाहीत तरी चालेल. चोच लांब की आखूड, सरळ की वाकडी, पक्षी धावतो की खुपसतो, एवढं लिहा आणि चित्र काढा.

आई-बाबांसाठी दोन ओळी

खाडीच्या चिखलात मुलांना उतरू देऊ नका. तो वरून घट्ट दिसतो आणि पाऊल टाकलं की ओढून घेतो. चढत्या पाण्यात खडकांवर अडकण्याचाही धोका असतो, म्हणून भरतीची वेळ आधी पाहा आणि मुलांबरोबर स्वतः बसा. महागडा कॅमेरा घ्यायची घाई नको. चौघांत मिळून एक साधी दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे आणि एक वही एवढं पुरे आहे. आणि कुणी थव्यावर खडा मारताना दिसलं, तर मुलांदेखत त्याला प्रेमानं थांबवा. ते पाहूनच मुलं शिकतील.

तर मित्रांनो, या हिवाळ्यात एकदा तरी पाण्याच्या काठी गप्प बसून पाहा. आपल्या अर्ध्या तासाच्या गप्प बसण्यानं कुणाची तरी टाकी भरत असते, हे लक्षात ठेवा. आणि हो, तूरडाळीच्या स्पर्धेत कोण जिंकलं, तुमच्या अर्ध्या तासात किती प्रकारच्या चोची दिसल्या, ते पोस्टकार्डावर लिहून जरूर कळवा. चित्र असेल तर फारच छान!

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूया. तोवर डोळे उघडे आणि तोंड बंद!